आईचं कोलेस्टेरॉल २९६ आणि थायरॉईडचा टीएसएच ४७, डॉक्टर म्हणतात कोलेस्टेरॉलची गोळी आत्ता नको. असं असतं का?

सई_कराडची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. आई ५७ वर्षांची, कराडला असते, मी पुण्यात. गेलं वर्षभर तिचं काहीतरी बिनसलंय हे दिसत होतं पण नेमकं काय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सारखी थंडी वाजते, ऐन मे महिन्यात पंखा बंद करायला लावायची, आवाज घोगरा झालेला (फोनवर मला वाटायचं सर्दी झालीय), सकाळी डोळ्यांखाली सूज, पोट साफ नाही, केस विंचरले की पुंजकेच्या पुंजके. सगळ्या बायकांनी एकमुखाने निकाल दिला की पाळी गेल्यावर असं होतंच. त्यात तळहात पिवळे दिसायला लागले म्हणून कुणीतरी कावीळ म्हणालं आणि सकाळी अनशापोटी कसला तरी झाडपाल्याचा रस पण घेऊन झाला.

मग एका आरोग्य शिबिरात रक्त तपासलं. टोटल कोलेस्टेरॉल २९६, एलडीएल (ते वाईट कोलेस्टेरॉल) २०४, ट्रायग्लिसराईड १९०, एचडीएल (चांगलं) ५४. तिथल्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी, ॲटोरव्हास्टॅटिन २०, लिहून दिली आणि तूप, शेंगदाणे, खोबरं सगळं बंद करायला सांगितलं. आता माझी आई तूप खाते ते वरणभातावर चमचाभर, तळलेलं तिला तसंही सोसत नाही, पण तेव्हापासून घरातला जो तो तिच्या ताटात डोकावतोय. मामा तर रोज फोन करून "अक्का, काय काय खाल्लंस" विचारतो. ती गोळी चालू केल्यावर पोटऱ्या आणि मांड्या इतक्या दुखायला लागल्या की खाली बसली की दोन्ही हात टेकल्याशिवाय उठता येईना.

शेवटी तिला इथे पुण्यात एका फिजिशियनना दाखवलं. त्यांनी रिपोर्ट नंतर बघितले, आधी आईला बोलतं केलं, हात बघितले, डोळ्यांचा पांढरा भाग बघितला (तो पांढराच होता, म्हणाले कावीळ नाही), मग खुर्चीवर गुडघे टेकून उभं राहायला लावून टाचेच्या वर ती छोटी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं पण परत जागेवर यायला मात्र निवांत वेळ घेत होतं, ते त्यांनी मलाही बोलावून दाखवलं. म्हणाले आता फक्त टीएसएच येऊ दे (थायरॉईड कमी पडला की हा आकडा चढतो). तो आला ४७.८, फ्री टी४ (थायरॉईडचं हॉर्मोन) कमी, ०.४२, अँटी टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी) खूप जास्त, आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) ७८०. बीपी १३८/९४. ईसीजी ठीक आहे, शुगर नाही.

त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, थायरॉईडची गोळी, थायरॉक्सिन ५०, सुरू केली आणि म्हणाले कोलेस्टेरॉलचं नंतर बघू, बऱ्यापैकी आपोआप खाली येईल. मामाचं म्हणणं की एलडीएल २०० च्या वर असताना गोळी बंद करणारा डॉक्टर कसला, उद्या अटॅक आला तर? तर मला तीन गोष्टी विचारायच्यात. गळ्यातल्या ग्रंथीचा आणि कोलेस्टेरॉलचा संबंध येतोच कुठे, ती तर काही खातच नाही? एवढं एलडीएल असताना थांबणं सुरक्षित आहे का? आणि पाय दुखले ते गोळीने की थायरॉईडने?

नीलांबरी

सई, अगदी माझीच गोष्ट लिहिलीस गं. माझा टीएसएच ६० च्या वर होता आणि एलडीएल १८८. मी तर शाकाहारी, रोज तासभर चालणारी, त्यामुळे मला तो रिपोर्ट बघून रागच आला होता. थायरॉईडची गोळी मार्गी लागल्यावर काही महिन्यांनी एलडीएल १२१ वर आलं, खाण्यात तसूभर फरक न करता. कोलेस्टेरॉलची गोळी मला लागलीच नाही. अर्थात प्रत्येकाचं वेगळं असतं, माझ्या घरात कुणाला हार्टचं काही नाही. पण आईच्या ताटातलं तूप आधी परत वाढ, वर्षभर आजारी असलेल्या बाईला वर आणि अपराधी वाटायला लावू नका.

आणि मामांना सांग रोज फोन करायचाच असेल तर "गोळी घेतलीस का" विचारा, ते जास्त उपयोगाचं आहे.

स्टेथोवाला

मी एमडी मेडिसिन, निमशहरी भागात प्रॅक्टिस. पेशंट न बघता औषध सांगत नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी केलं ते अगदी पुस्तकातलं आहे, फक्त पुस्तकातलं करायला हल्ली वेळ कुणाला नसतो. घोट्याची ती चाचणी बघून तर बरं वाटलं, एमबीबीएसला असताना सगळे शिकतो आणि पुढे लॅबच्या नादात विसरतो.

आता संबंध कसा ते. पहिली गोष्ट म्हणजे रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतः तयार करतं, लिव्हरचा त्यात मोठा वाटा. आणि रक्तातलं एलडीएल उचलून परत घ्यायचं कामही मुख्यतः लिव्हरचंच. त्यासाठी लिव्हरच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात, ते जातायेता एलडीएलचे कण पकडतात आणि आत ओढून घेतात. हे रिसेप्टर किती बनवायचे ते ज्या जीनवर ठरतं त्याला चालना देणाऱ्यांमध्ये थायरॉईडचं टी३ हे हॉर्मोन आहे. टी३ कमी पडलं की रिसेप्टर कमी, रिसेप्टर कमी की एलडीएल रक्तातच फिरत राहतं. गल्लीत घंटागाडी आठवड्यातून एकदाच यायला लागली तर घरातला कचरा वाढलेला नसतानाही कोपऱ्यावर ढीग लागतो ना, तसं. गंमत म्हणजे थायरॉईड कमी असताना लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनायचं प्रमाणही थोडं घटतं, पण उचलण्याचं काम त्याहून जास्त घटतं, म्हणून हिशोब शेवटी वरच जातो.

शिवाय लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्तातली आम्लं बनवून काही भाग आतड्यावाटे बाहेर काढतं, तोही रस्ता मंदावतो. ट्रायग्लिसराईड फोडणारं एक एन्झाइम आहे, लायपोप्रोटीन लायपेज, ते पण सुस्तावतं, म्हणून तो १९० चा आकडा. एचडीएल मात्र अशा पेशंटमध्ये नॉर्मल किंवा किंचित जास्तच दिसतं, ते बघून खूश व्हायचं कारण नाही.

पिवळे तळहात पण त्यातलेच. गाजर, पपई, भोपळा, पालेभाज्या यातलं कॅरोटीन शरीर व्हिटॅमिन ए मध्ये बदलतं, थायरॉईड कमी असेल तर ते बदलणं मंदावतं आणि कॅरोटीन कातडीत साठतं. डोळे पांढरे आणि तळहात पिवळे असतील तर कावीळ नव्हे हे लक्षात ठेवा आणि झाडपाल्याचा रस कृपया पुन्हा नको, असल्या रसांनी लिव्हर खराब झालेले पेशंट मी बघतो. बीपीचा खालचा आकडा ९४ आहे तोसुद्धा थायरॉईड कमी असताना वाढतो, कारण रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात. त्यावर लगेच बीपीची गोळी दिली नाही हे बरं झालं.

थांबणं सुरक्षित आहे का? रक्तवाहिन्यांत चरबी साठणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे, दोन-तीन महिन्यांत होत नाही. तुमच्या आईला छातीत दुखत नाही, ईसीजी ठीक, शुगर नाही. त्यांच्यासाठी थांबणं योग्यच. हाच रिपोर्ट जर स्टेंट घातलेल्या किंवा अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा असता तर गणित वेगळं असतं, तिथे स्टॅटिन (म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची गोळी) इतक्या सहज बंद करत नाहीत आणि थायरॉक्सिनसुद्धा ५० ने नाही, १२.५ किंवा २५ ने सुरू करून हळूहळू चढवतात, कारण मंदावलेल्या हार्टला एकदम पळवलं तर त्याला ते झेपत नाही. मामांची काळजी समजू शकतो, पण ती वेगळ्या पेशंटची काळजी आहे.

पाय दुखण्याचं उत्तर बहुधा दोन्ही. थायरॉईड खूप कमी असेल तर स्नायू स्वतःच दुखतात, कमजोर होतात आणि सीपीके वाढतं, एकही स्टॅटिन न घेता. आणि अशा स्नायूंवर स्टॅटिन दिलं की त्रास व्हायची शक्यता बरीच वाढते. स्टॅटिनच्या पाकिटातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर ताब्यात नसलेला हायपोथायरॉईड हा धोक्याच्या यादीत असतो. क्वचित स्नायू इतके फुटतात की किडनीवर येतं, लघवी काळपट चहाच्या रंगाची होते, तसं कुणाला दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. म्हणूनच नव्याने कोलेस्टेरॉल जास्त निघालं की गोळी सुरू करण्याआधी एकदा टीएसएच बघा असं गाईडलाईन्समध्ये सरळ लिहिलंय. एका टीएसएचला दोन-चारशे रुपये लागतात, शिबिरात तेवढंच राहून जातं.

पाटलांचा_बंडू

डॉक्टर भारी समजावलंत. आता माझं पण सांगतो, कदाचित माझं पण हेच असेल. वय ३८, टीएसएच ६.१, फ्री टी४ नॉर्मल, एलडीएल १७२. आमच्या डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन १० सांगितलीय, मी अजून घेतली नाही, स्टॅटिनबद्दल व्हॉट्सॲपवर काय काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे. हे वाचून वाटलं की थायरॉईडची छोटी गोळी घेतली तर कोलेस्टेरॉलपण जाईल, एका दगडात दोन पक्षी. वडिलांची बायपास झालीय ४६ व्या वर्षी, पण ते तंबाखू खायचे.

स्टेथोवाला

बंडूशेठ, नाही. तुमची आणि सईंच्या आईंची केस एकाच टोपलीत घालू नका. टीएसएच ४७ आणि टी४ कमी म्हणजे ग्रंथी उघड उघड कमी पडतेय. टीएसएच ६.१ आणि टी४ नॉर्मल याला सबक्लिनिकल म्हणतात, म्हणजे टीएसएच सोडणारी मेंदूतली पिट्युटरी जरा जोरात ओरडतेय पण ग्रंथी काम करून देतेय. त्यात एलडीएल वाढतं ते थोडंसं, आणि थायरॉक्सिन दिल्यावर उतरतं तेही थोडंसं. १७२ चं १०० करायची ताकद त्या गोळीत तुमच्या बाबतीत नाही. टीएसएच १० च्या वर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बहुतेक डॉक्टर उपचार सुरूच करतात.

आधी दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा, सोबत अँटी टीपीओ. सहाच्या आसपासचे कितीतरी रिपोर्ट दुसऱ्या वेळी नॉर्मल येतात, आजारपणातून उठल्यावर वाढलेलं असतं, कधी नुसती सकाळ-दुपार बदलली तरी आकडा हलतो, कारण टीएसएच रात्री आणि पहाटे वर असतो, दुपारी खाली. वय वाढेल तसाही तो थोडा वर सरकतो. म्हाताऱ्या माणसांत तर २०१७ साली युरोपातला ट्रस्ट नावाचा मोठा अभ्यास आला, ६५ च्या पुढच्या सबक्लिनिकल पेशंटना थायरॉक्सिन देऊन थकवा-बिकवा काही सुधारला नाही.

पण मला तुमच्या पोस्टमधला खरा मुद्दा वाटतो तो वडिलांची ४६ व्या वर्षीची बायपास. तंबाखू होतीच, पण तेवढ्यावर सोडू नका. आपल्याकडे अशा घरांत तरुण वयात हार्टचा त्रास धावतो. तुमचं एलडीएल तुमचं आहे, ते थायरॉईडच्या खात्यात टाकून मोकळं होऊ नका. तुमच्या डॉक्टरांना लायपोप्रोटीन लिटल ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) नावाची तपासणी एकदा करायची का विचारा, आयुष्यात एकदा पुरते. आणि गोळी न घेता घरी ठेवायची असेल तर निदान त्यांना तसं सांगा, नाहीतर पुढच्या वेळी ते डोस वाढवतील.

निसर्गोपचार_प्रेमी

नमस्कार. थायरॉईड ही लाईफस्टाईलची समस्या आहे. रात्री धणे भिजवून सकाळी ते पाणी उकळून प्या, कोबी, फ्लॉवर, मुळा पूर्ण बंद करा, आयोडीनयुक्त मीठ सोडून सैंधव वापरा. एकदा ही गोळी चालू झाली की जन्माची सुटत नाही, त्यामुळे शक्यतो सुरूच करू नये. माझ्या परिचयातल्या अनेकांना गुण आला आहे.

नीलांबरी

धण्याचं पाणी प्या हो, कोण नाही म्हणतंय, पण टीएसएच ४७ असताना "गोळी सुरूच करू नये" हे कुणाच्या आईला सांगू नका. मला गोळी जन्मभर आहे आणि माझं काही अडलेलं नाही. चष्मा पण जन्मभरच आहे.

स्टेथोवाला

नीलांबरीताईंना अनुमोदन. अँटी टीपीओ इतकं जास्त म्हणजे हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर चाल करून गेलीय आणि ग्रंथी हळूहळू निकामी झालीय. ती गोळी म्हणजे तेच हॉर्मोन बाहेरून, शरीर जे बनवायचं तेच. त्याची सवय लागत नाही, ग्रंथीच उरलेली नसते म्हणून चालू ठेवावी लागते.

कोबी-फ्लॉवर शिजवून खा, नेहमीच्या प्रमाणात काही होत नाही. आणि सैंधव मिठाबद्दल कळकळीने सांगतो, आयोडीनचं मीठ सोडू नका. हिमालयाच्या पट्ट्यात घरटी गलगंड असायचे, डॉ. रामलिंगस्वामींनी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनचं मीठ वाटून जे दाखवून दिलं त्यावर पुढे देशाचा मिठाचा कार्यक्रम उभा राहिला. सईंच्या आईंना आजार झालाय तो आयोडीन कमी पडून नाही, म्हणून जास्तीचं आयोडीन खाऊनही तो जाणार नाही, पण म्हणून मीठ बदलायचंही काही कारण नाही.

सई_कराडची

सगळ्यांचे खूप आभार, डॉक्टरांचं उत्तर मामाला पाठवलं, त्याने अंगठा दिला फक्त, पण दोन दिवस फोन नाही म्हणजे पटलं असावं. आता एक नवीनच लक्षात आलं. आईला विचारलं गोळी कधी घेतेस तर म्हणाली चहाबरोबर. ती साडेपाचला उठते, उठल्या उठल्या पहिला चहा, त्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. आणि त्याच वेळी कॅल्शियमची गोळी पण घेऊन टाकते म्हणजे लक्षात राहतं. वर चतुर्थीला आणि सोमवारी गोळी घेतच नाही, उपास मोडतो म्हणे! नवरात्र आलं की नऊ दिवस सुट्टी. आता हे कसं समजावू?

औषधी_दुकान

ताई मी फार्मासिस्ट, हे आमच्या काउंटरवर रोजचं आहे. डोस दोनदा वाढवून पण टीएसएच हलत नाही म्हणून वैतागलेले पेशंट येतात, चार प्रश्न विचारले की चहा निघतो. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा कॉफी दूध काही नाही. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब, ती दुपारच्या जेवणानंतर घेऊ द्या. ॲसिडिटीची रोजची गोळी असेल तर डॉक्टरांना सांगा, तिनेही शोषण कमी होतं. एकाच डोसचा एवढा फरक पडतो का म्हणाल तर हो, ही मायक्रोग्रॅममधली गोळी आहे, ५० मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग, त्यातला थोडा चहात अडकला तरी जाणवतं.

पहाटेचा चहा सुटणार नसेल तर दुसरा मार्ग असा की रात्री झोपताना घ्यायची, पण जेवणानंतर तीन तास झालेले हवेत. आमच्याकडे आठला जेवून अकराला झोपणाऱ्या काकूंना हे जमतं, दहाला जेवणाऱ्यांना नाही जमत. आधी डॉक्टरांना विचारून मगच वेळ बदला.

उपासाचं म्हणाल तर माझी आजी सांगायची औषधाने उपास मोडत नाही, आणि उलट उपासाच्या दिवशी पोट रिकामं असतं म्हणजे गोळीसाठी तर उत्तम दिवस, असं सांगून बघा, हे बऱ्याच आज्यांना पटतं. एखाद्या दिवशी राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्या, घाबरायचं नाही, ही गोळी शरीरात आठवडाभर रेंगाळते, अर्धी व्हायलाच सात दिवस लागतात. पण नऊ दिवस सलग बंद म्हणजे आठवड्याचं केलेलं सगळं पाण्यात.

अजून एक, बाटली गॅसच्या शेजारच्या फळीवर ठेवू नका, आणि त्यातल्या गोळ्या त्या सात कप्प्यांच्या पारदर्शक डबीत महिन्याच्या महिन्याला काढून ठेवू नका. उष्णता, ओल, उजेड तिन्हीने ती कमजोर होते. कंपनी पण सारखी बदलू नका, बदलावीच लागली तर पुढचा टीएसएच लवकर करा.

आणि केस गळतात म्हणून बायोटिन चालू आहे का? असेल तर रक्त द्यायच्या आधी दोन दिवस तरी बंद ठेवा आणि लॅबला सांगा. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दाखवतो, मग डॉक्टरांना वाटतं डोस जास्त झालाय आणि ते कमी करतात.

सई_कराडची

बायोटिनच्या गमी मीच पाठवल्या होत्या तिला 🤦‍♀️ आजच फोन करते.

मडगांवकार

छान चर्चा. आमच्या गोव्यात पण थायरॉईड घरोघरी झालंय, मला वाटायचं मासे खाणाऱ्यांना होत नाही. एक बाळबोध प्रश्न, थायरॉईडच्या हॉर्मोनने एलडीएल उतरतं ना, मग ज्यांचा थायरॉईड नॉर्मल आहे त्यांनी थोडी गोळी घेतली तर? आमच्या जिममधला एक ट्रेनर वजनासाठी असलं काहीतरी देतो असं ऐकलंय.

स्टेथोवाला

मासे खाऊन आयोडीन मिळतं, हाशिमोटो अडत नाही. २०१३ साली आठ शहरांतला एक अभ्यास छापून आला होता, मुंबई आणि गोवा दोन्ही त्यात होते, मोठ्या माणसांत साधारण ११ टक्के लोकांना हायपोथायरॉईड निघाला, सबक्लिनिकलवाले साधारण ८ टक्के ते वेगळेच.

प्रश्न बाळबोध नाही, अमेरिकेत हे खरोखर करून बघितलंय. १९६० च्या दशकात कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट म्हणून मोठी चाचणी सुरू झाली, हार्ट अटॅक येऊन गेलेले पुरुष घेतले आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी वेगवेगळी औषधं दिली. त्यातलं एक होतं डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, थायरॉक्सिनचंच आरशातलं रूप. कोलेस्टेरॉल उतरलं, पण त्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते औषध मध्येच बंद करावं लागलं. कारण हार्टमध्येही थायरॉईडचे रिसेप्टर असतात, नॉर्मल माणसाला वरून हॉर्मोन दिलं की ठोके वाढतात, लय बिघडते, हाडंही ठिसूळ होतात. त्या ट्रेनरला लांबूनच नमस्कार करा.

पण ती कल्पना मेली नाही. हार्टमध्ये मुख्यतः अल्फा जातीचे रिसेप्टर आणि लिव्हरमध्ये बीटा जातीचे, म्हणून फक्त बीटावर काम करणारं औषध शोधत लोक बसले. रेसमेटिरोम नावाच्या अशा औषधाला मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण कोलेस्टेरॉलसाठी नाही, फॅटी लिव्हर पुढे जाऊन लिव्हर कडक व्हायला लागलेल्या पेशंटसाठी. त्याने एलडीएलही उतरतं.

एक जुनी गंमत सांगतो. टीएसएच मोजायची सोय नव्हती तेव्हा, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळात, थायरॉईड कमी आहे का ते ठरवताना डॉक्टर रक्तातलं कोलेस्टेरॉल बघायचे, आणि गोळी लागू पडतेय का तेही त्यावरूनच पडताळायचे.

सई_कराडची

मंडळी, अपडेट. दोन महिने होऊन गेले, मध्ये कामात बुडाले होते. आईचा टीएसएच आता ९.४, टोटल कोलेस्टेरॉल २३२, एलडीएल १५२, ट्रायग्लिसराईड १४५, एचडीएल ५१. सीपीके नॉर्मल झालंय. आवाज आधीसारखा झालाय, आणि परवा मंगळागौरीला जमिनीवर बसून सगळ्या बायकांच्या आधी उठली म्हणे. बीपीचा खालचा आकडा ८४. गोळी रात्री झोपताना घेते (हे डॉक्टरांना विचारून), बाटली देवघराच्या कपाटात, म्हणजे विसरत नाही. डॉक्टरांनी डोस ७५ केलाय.

आता मामा पुन्हा जागा झालाय. १५२ म्हणजे अजून जास्तच आहे, आता तरी कोलेस्टेरॉलची गोळी चालू करा म्हणतोय. आई म्हणते मला ती गोळी नकोच, पुन्हा पाय दुखतील. मी मधल्यामध्ये.

स्टेथोवाला

मस्त चाललंय. अजून थोडं थांबा, कारण टीएसएच ९.४ म्हणजे घंटागाडी अजून पूर्ण सुरू झालेली नाही. वजनानुसार पूर्ण डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतो, आईंचं वजन मला माहीत नाही पण ७५ वर किंवा १०० च्या आसपास गाडी थांबेल असा अंदाज. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, त्याआधी करू नका, पैसे वाया. टीएसएच रेंजमध्ये आला की त्यानंतर अजून एक-दोन महिने जाऊ द्या आणि मग लिपिड प्रोफाईल करा, तो आईंचा स्वतःचा आकडा. सध्याच्या आकड्यात थायरॉईडचाही वाटा आहे.

तो जर १२०-१३० च्या खाली आला, शुगर-बीपी ठीक आणि घरात कुणाला लवकर हार्टचं नाही, तर बहुतेक डॉक्टर गोळीशिवाय बघू म्हणतील. तो १६० च्या आसपासच अडकला, किंवा वडील-भावांत कुणाला लवकर अटॅक असेल (इथे मामांनाच विचारा, त्यांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल किती आहे, कधी तपासलंय का), तर थायरॉईडचं निमित्त संपलं, मग स्टॅटिन घ्यावीच. आईंना सांगा की त्या वेळचे पाय आणि आत्ताचे पाय वेगळे आहेत, थायरॉईड भरून आल्यावर तीच गोळी बहुतेकांना काही त्रास न होता चालते. लहान डोसने सुरू करता येते, दुसरं स्टॅटिन निवडता येतं. "मला स्टॅटिन चालत नाही" असा शिक्का फाईलवर कायमचा मारून घेऊ नका, पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा तो आडवा येतो.

पाटलांचा_बंडू

डॉक्टर, माझा टीएसएच दुसऱ्या वेळी ३.९ आला, अँटी टीपीओ निगेटिव्ह. एलडीएल मात्र १७४. लायपोप्रोटीन लिटल ए पण केलं, ते जास्त निघालं. रोसुव्हास्टॅटिन चालू केलीय. धाकट्या भावाला पण तपासायला सांगू का? तो ३१ चा आहे आणि काही ऐकत नाही.

स्टेथोवाला

सांगा. लायपोप्रोटीन लिटल ए घराण्यातून येतं, आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांनी एकदा बघावं. भावाला लिपिड प्रोफाईल आणि ही एक तपासणी, बस. ऐकत नसेल तर वडिलांना सांगायला लावा, बायपास झालेल्या माणसाने सांगितलेलं पोरं जरा ऐकतात.